उन्हात राहिलेली कापसाची काडी

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसणारे बहुतेक जण म्हातारे असतात. एखादी गंजलेली सायकल असते, एखादं बंद पडलेलं घड्याळ असतं. मी तशी नाही. मी एक कापसाची काडी आहे. माझ्या नशिबात काम होतं एका दिवसाचं, आणि त्यातलं खरं काम दहा सेकंदांचं. तरी माझं ऐका. उज्जैनला देवास गेटजवळच्या एका तपासणीच्या लॅबमध्ये, काउंटरच्या मागे, पिवळ्या पिशवीत मी पडले आहे. पिशवीचं तोंड अजून बांधलेलं नाही. ती न्यायला गाडी आली की मला जाळून टाकतील. त्याआधी एक गोष्ट मला कुणाला तरी सांगायची आहे.

दवाखान्यात मला स्वॅब म्हणतात. एका कारखान्यात माझा जन्म झाला. बोटाच्या दीडपट लांब अशी पांढरी प्लास्टिकची काडी आणि तिच्या टोकाला यंत्राने गुंडाळलेला कापूस, एवढंच माझं रूप. मग मला एका बारीक नळीत घातलं, वर घट्ट झाकण लावलं. आतले सगळे जंतू मारले. एकही जंतू नसलेली अशी मी, माझ्यासारख्याच शंभर बहिणींबरोबर खोक्यात बसून ट्रकने इकडे आले. नानाखेड्याला बस स्टँडच्या मागे मीरा मॅडमचा दवाखाना आहे. त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात मी दीड वर्ष काढलं. एकेक बहीण जायची, खोकं हलकं व्हायचं. माझ्या पाकिटावर तारीख छापलेली होती. तिच्या आत वापरलं तर ठीक, नाही तर मी कचरा. मला काळजी वाटायची. आपल्याला कुणी हातात घेईल का, आपला कुणाला उपयोग होईल का, हेच डोक्यात फिरायचं.

मी कशासाठी असते, ते मोठी माणसं मुलांपुढे सांगत नाहीत. ती एकमेकांतही नीट सांगत नाहीत. मी सांगते. आईच्या पोटातलं बाळ ज्या वाटेने बाहेर येतं, तिला योनिमार्ग म्हणतात. नाकाला, घशाला, कानाला जंतू त्रास देतात नं, तसाच तिथेही देतात. खाज सुटते, अंगावरून पाणी जातं, वास येतो, ओटीपोट दुखतं. वरून बघितलं तर आजार सारखेच दिसतात, पण प्रत्येक जंतूचं औषध वेगळं. म्हणून डॉक्टर माझं कापसाचं टोक तिथे हलकेच फिरवतात आणि मला लॅबमध्ये पाठवतात. तिथे काचेवर, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली जंतू दिसतो, जेलीच्या बशीत वाढवला की त्याचं नाव कळतं. फक्त एक अट असते. जंतू माझ्या कापसावर जिवंत पोचला पाहिजे. कापूस वाळला की तो मरतो. मेलेला जंतू बशीत वाढत नाही आणि यंत्राखाली हलत नाही.

भाद्रपदातल्या एका बुधवारी सकाळी खण उघडला आणि मॅडमचा हात माझ्यावर आला.

समोर मुक्ता होती. पाचवा महिना संपत आलेला. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यातच गेलं होतं. या वेळीही तेव्हासारखंच सुरू झालं होतं. आठ दिवस अंगावरून पाणी जात होतं, रात्रीपासून ओटीपोटात कळ. घरी महालक्ष्म्या बसलेल्या, त्यातही पूजेचा दिवस. तरी ती नवऱ्याला घेऊन आली होती, कारण मॅडम त्या दवाखान्यात फक्त बुधवारी आणि शनिवारी येत.

"मैंने पिछली बार अंदाज़ से गोलियाँ दी थीं," मॅडम म्हणाल्या. "इस बार अंदाज़ नहीं चलेगा. कौन सा कीड़ा है, ये पता चले तो उसी की दवा दूँगी. बच्चे को भी बचाना है."

"त्याला लागणार तर नाही?" मुक्ताने पोटावर हात ठेवून विचारलं. मग तेच हिंदीत विचारलं.

"बिल्कुल नहीं बेटा. लंबी साँस लो."

मुक्ताने तपासायच्या टेबलाची कड धरली. तिच्या बांगड्या पत्र्यावर वाजल्या. दहा सेकंद. मी बाहेर आले तेव्हा माझा कापूस ओला होता, आणि त्या ओलाव्यात जे होतं ते जिवंत होतं. मित्रांनो, मला जे वाटलं ते मी कसं सांगू? दीड वर्ष रिकामी बसलेली मी आता एका बाळासाठी काहीतरी सांगणार होते.

मॅडमनी मला नळीत घातलं, झाकण लावलं आणि उजेडात धरलं. "यही बताएगी सब कुछ," त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं कौतुक तेवढंच.

मग त्यांनी मला विक्रांतच्या हातात दिलं. विक्रांत म्हणजे मुक्ताचा नवरा, बँकेत नोकरीला. "सीधे देवास गेट, लॅब में. दो घंटे के अंदर. धूप में नहीं रखना, फ्रिज में भी नहीं."

"हाँ मैडम, बस मैडमजी को घर छोड़ा और निकला," तो मुक्ताकडे बघून म्हणाला. मुक्ता एवढ्या कळेतही हसली.

सिस्टरने माझ्या नळीवर चिठ्ठी चिकटवली. नाव लिहिलं, तारीख लिहिली. वेळेची जागा होती, पण तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली आणि ती तशीच उठून गेली. साडेअकरा वाजले होते. ते कुठेच लिहिलं गेलं नाही.

दवाखान्यापासून त्यांचं घर पाच मिनिटांवर. फाटकाशी स्कूटर थांबली तेव्हा विक्रांतच्या हातात मी होते आणि दारात अक्का उभ्या होत्या. अक्का म्हणजे विक्रांतच्या आई. ओलेत्याने, सोवळ्यात, कपाळाला घाम.

"ते काय आहे हातात?"

"तपासणीचं आहे अक्का. लॅबला द्यायचंय."

"कसली तपासणी?"

विक्रांतने नळी मुठीत झाकली. मुक्ता खाली बघत होती. अक्कांना तेवढं पुरलं.

"अरे देवा! आणि ते घेऊन तू उंबऱ्यापर्यंत आलास? घरात महालक्ष्म्या उभ्या आहेत! ठेव, ठेव ते बाहेर. गाडीत ठेव. आणि आधी दोघं आंघोळ करा."

"मी वरच्या वर देऊन येतो नं. अर्ध्या तासाची तर चक्कर आहे."

"अर्धा तास म्हणतोस आणि फ्रीगंजच्या गर्दीत अडकतोस. नैवेद्य कोण दाखवणार? तुझ्या बाबांना गुडघ्याने खाली बसता येत नाही. पुरण तयार आहे, सोळा भाज्या तयार आहेत. दर वर्षी बाराच्या ठोक्याला आपल्याकडे घंटा वाजते. नैवेद्य झाला की जा कुठे जायचं तिथे."

विक्रांतने घड्याळ बघितलं. दोन तासांत अजून पुष्कळ वेळ आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने स्कूटरची डिकी उघडली, मला आत ठेवलं, आणि झाकण लावलं.

डिकीत एक पुसायचं फडकं होतं आणि एक पाना. स्कूटर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी होती, म्हणून मला आतलं ऐकू येत होतं. ऊन गाडीवर सरळ येत होतं. भाद्रपदातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. पाऊस उघडला की ते चावतं. पंधरा मिनिटांत माझी नळी कोमट झाली.

बाराला घंटा वाजली नाही. केळीची पानं कमी पडली, मग कुणीतरी आणायला गेलं. मग जेवायला यायच्या सवाष्णीची रिक्षा मिळेना. साडेबाराला भय्यासाहेबांचा आवाज आला. ते विक्रांतचे वडील.

"अहो, सोडा की त्याला. महालक्ष्म्या काय पळून चालल्या आहेत? तीन दिवस मुक्कामाला आल्यात त्या."

"तुम्ही पानं पुसा," अक्का म्हणाल्या. "निम्मी पानं अजून धुळीची आहेत."

भय्यासाहेब पानं पुसायला लागले असतील. पुढे त्यांचं काही ऐकू आलं नाही.

मग मुक्ता खिडकीशी आली. तिचा आवाज मी ओळखला. "अहो, ते देऊन आलात का?"

"सोवळ्यात आहे नं मी. आता त्याला शिवलो तर परत आंघोळ. झालंच आता. टेंशन नको घेऊ."

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. "अक्का, मी रिक्षाने जाऊन देऊन येऊ का? कुणाला शिवणार नाही. पाठीमागच्या दाराने जाईन."

"तू? या कळा घेऊन? आणि सवाष्ण म्हणून तुझंही पान आहे आज." अक्कांचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं, हे कुणासाठी चाललंय सगळं? तुझ्यासाठीच नं? देवीसमोर तिची दोन बाळं मांडली आहेत, ती बघ. तुझी ओटी भरणार आहे मी. आज त्या वस्तूचं नावही काढू नकोस. ती काय बोलायची गोष्ट आहे का?"

मुक्ता तरी खिडकीतून गेली नव्हती. तिच्या बांगड्या खिडकीच्या गजावर लागून होत्या. मला वाटतं, ती स्कूटरकडे बघत होती.

मित्रांनो, अक्का वाईट नव्हत्या. मला हे सांगितलंच पाहिजे. अखेर घंटा वाजली तेव्हा मी त्यांची प्रार्थना ऐकली. घरातल्या साऱ्यांचं सुख मागून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि आमच्या मुक्ताचं हे बाळ सुखरूप हाती येऊ दे, आई." त्या आत मागत होत्या, आणि त्याच बाळाची खबर बाहेर डिकीत वाळत होती. माझा कापूस आधी टोकाला कडक झाला, मग सगळीकडे. जे जिवंत होतं, ते एकेक करून थांबलं. मला काही करता आलं नाही. मी काडी आहे.

नैवेद्य झाल्याबरोबर पंगत बसली, जेवणं साडेतीनला झाली. विक्रांत पुरणपोळीने जड झाला होता, घटकाभर लवंडला. उठला तेव्हा पाच वाजून गेले होते. त्याने डिकी उघडली आणि मला हातात घेतलं. हात जरा दचकला. नळी तापली होती.

लॅबच्या काउंटरवर नंदाताई होत्या. पंचेचाळिशीच्या, चष्म्याला दोरी.

"सैंपल कब लिया?"

विक्रांतने घड्याळाकडे बघितलं. मी त्याच्या मुठीत होते, म्हणून मला त्याच्या हाताचा घाम कळला. खरं सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, परत घेऊन या. म्हणजे शनिवारपर्यंत थांबा. मुक्ताला परत त्या टेबलावर चढवा. मॅडमना तोंड दाखवा. आणि घरी सांगायचं काय?

"अभी. एक घंटा हुआ होगा."

"गरम है ये."

"धूप में आया हूँ नं मैडम."

नंदाताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मागे सात-आठ माणसं उभी होती. त्यांनी चिठ्ठीवरच्या रिकाम्या जागेत पेनने लिहिलं, साडेचार.

आत टेबलावर त्यांनी मला काचेवर घासलं. काही उतरलं नाही. बशीतल्या जेलीवर घासलं. "केवढी कोरडी आहे ही," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि पुढची नळी उचलली. मला नळीत घालून काउंटरमागच्या स्टँडमध्ये उभं केलं. नमुने आठवडाभर ठेवायची त्यांच्याकडे पद्धत आहे.

शनिवारी सकाळी मुक्ता स्वतः रिपोर्ट घ्यायला आली. विक्रांत बरोबर होताच. तिचे डोळे खोल गेले होते. नंदाताईंनी कागद पुढे केला. जंतू आढळले नाहीत, वाढ झाली नाही, असं त्यावर होतं.

"बघ, मी म्हणत होतो नं!" विक्रांतने केवढा मोठा श्वास सोडला. "फालतू परेशान होत होतीस."

मुक्ता कागद परत परत वाचत होती. "म्हणजे काहीच नाही? पण मला तर अजून..."

नंदाताईंना ती मराठी आहे हे तेव्हा कळलं. त्या पुढे वाकल्या. "ताई, आमच्याकडे जे आलं त्यात काही सापडलं नाही. एक विचारते. हे घेतल्यावर तासाभरात आणलं होतं नं? नळी मला गरम लागली होती."

"हो हो, लगेच आणलं," विक्रांत म्हणाला.

मुक्ताने त्याच्याकडे बघितलं. मग स्टँडकडे, जिथे मी उभी होते. तिचं तोंड उघडलं होतं. मित्रांनो, मी त्या वेळी जेवढी तळमळले तेवढी जन्मात कधी तळमळले नव्हते. बोल गं, असं मला म्हणायचं होतं. तू खिडकीतून बघितलं आहेस. साडेअकरा, सांग. साडेपाच, सांग.

पण तिच्या हातात चांगल्या बातमीचा कागद होता. गेल्या दहा दिवसांत तिला कुणी चांगलं म्हणून काही सांगितलं नव्हतं. आणि परक्या बाईसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं असावं. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, आणि म्हणाली, "थँक यू ताई."

ती पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरली.

मॅडमनी तो रिपोर्ट बघून काय केलं असेल, ते मला कळण्यासारखं आहे. रिपोर्टवर भरवसा ठेवला असेल. आराम करा म्हणाल्या असतील. त्यांचा तरी काय दोष?

मग काल, मंगळवारी, दुपारी विक्रांत धावत आला. दाढी वाढलेली, शर्ट उलटसुलट चुरगळलेला. खिशात पेनासारखी उभी धरून त्याने एक नळी आणली होती. माझीच एक बहीण. तिचा कापूस ओला होता, मी बाहेरून बघितलं.

"बारा वाजून दहाला घेतलंय," तो कुणी न विचारता म्हणाला. "आता साडेबारा होऊन राहिलेत. हॉस्पिटलातून सरळ आलोय. कुठेही थांबलो नाही."

"कुणाचं आहे?"

"मुक्ताचं. माझ्या मिसेसचं. ताप उतरत नाहीये. डॉक्टर म्हणाले, नक्की कोणता जंतू ते लवकर कळलं पाहिजे."

नंदाताई आत जायला वळल्या, थांबल्या. "आणि बाळ?"

"मुलगी होती," विक्रांत म्हणाला.

नंदाताई नळी घेऊन आत गेल्या. काचेवर थेंब केला, यंत्राखाली घातला, डोळा लावला. मिनिटभरही झालं नसेल. "हे बघा, किती आहेत," त्या आतल्या मुलीला म्हणाल्या. "सगळे पळताहेत." त्यांनी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला, जंतूचं नाव सांगितलं. त्या जंतूचं औषध साधं असतं, असं मी खणात असताना मॅडमच्या तोंडून ऐकलं होतं. चार पैशाच्या गोळ्या. नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या.

बाहेर विक्रांत बाकावर बसला होता. नंदाताई त्याच्यापाशी येऊन बसल्या.

"सापडलं. औषध सुरू करताहेत. त्या बऱ्या होतील. तुम्हालाही घ्यायचंय ते औषध, सांगतील तिथे."

त्याने मान हलवली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मागचं... मागचं जे आणलं होतं, ते सहा तास डिकीत होतं. उन्हात. घरी पूजा होती."

नंदाताईंनी चष्मा काढून हातात घेतला. "मला नळी गरम लागली होती," त्या म्हणाल्या. "मी परत पाठवायला हवं होतं. रांग होती म्हणून नाही पाठवलं."

"तेव्हा कळलं असतं तर ती... मुलगी..."

"ते कुणालाच सांगता येणार नाही. राहिली असती. कदाचित नसती राहिली. खरंच नाही सांगता येत."

"अक्कांना काय सांगू?" तो म्हणाला. "त्यांनी तिच्यासाठी झबलं शिवायला घेतलं होतं."

आज माझा आठवडा भरला. सकाळी मला स्टँडमधून काढून पिवळ्या पिशवीत टाकलं. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना अंगण नसतं, माळा नसतो, अडगळीत पडून आठवणी काढत बसायलाही मिळत नाही. मी तुम्हाला मला जपा असं म्हणणार नाही, मी आता तासाभरात राख होईन. पण तुमच्या घरात कधी माझी एखादी बहीण येईल. आईसाठी येईल, ताईसाठी येईल, मावशीसाठी येईल. ती कुठल्या वाटेतून आली म्हणून तिला बाहेर ठेवू नका. तिचं नाव घ्यायला लाजू नका. ती हातात घेऊन आधी लॅबला जा, मग पूजा करा, मग जेवा. तुम्ही लहान असलात तरी चालेल, "हे अजून इथेच का आहे?" एवढं मोठ्याने विचारा. घरातलं कुणी रागावेल. रागावू दे.

आत्ता नंदाताई काउंटरच्या काचेवर एक कागद चिकटवत आहेत. मराठीत आणि हिंदीत दोन्हीत लिहिला आहे, निळ्या पेनने, ठळक अक्षरांत. उलटा दिसतोय, तरी मला वाचता येतोय.

"नमुना घेतल्याची खरी वेळ सांगा. उशीर झाला असेल तरी सांगा. आम्ही रागावणार नाही."

कागदाचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी तो अंगठ्याने पुन्हा दाबला, आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.